पिवळं फूल दिसलं, पण झुडूप कोणतं? बिट्टी, टेकोमा आणि तरवड ओळखण्याचा पाठ



माघ सरत आला, सकाळची थंडी ओसरली की शाळेच्या आवारात एक गोष्ट हमखास दिसते. मोठी झाडं पानं गाळत असतात, मैदानावरचं गवत वाळून गेलेलं असतं, प्रार्थनेच्या वेळी धूळ उडते आणि या सगळ्यात कुंपणाकडेची दोन-चार झुडपं मात्र पिवळीधमक होऊन उभी असतात. चौथीच्या मुलांना परिसर फेरीला घेऊन गेलं आणि "हे कोणतं झाड?" असं विचारलं की निम्मी मुलं म्हणतात बिट्टी. काही म्हणतात घंटीचं फूल. एखादा हुशार मुलगा बहावा म्हणतो, कारण बहाव्याचं चित्र त्याने कुठेतरी पाहिलेलं असतं. (बहावा हे झुडूप नाही, चांगलं मोठं झाड आहे आणि त्याचा खरा बहर एप्रिल-मेमध्ये येतो. त्यामुळे तो आजच्या पाठात नाही.)

ही झुडपं नीट ओळखता यावीत यासाठी हा पाठ. इयत्ता तिसरी ते पाचवी, विषय परिसर अभ्यास, दोन तासिका पुरतात. एक बाहेर आणि एक वर्गात.

आता कुणी म्हणेल, पिवळ्या फुलांच्या झुडपांची नावं पाठ करून मुलांना काय मिळणार? नुसती नावं पाठ करून काहीच मिळणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण इथे गोष्ट वेगळी आहे. शाळेच्या कुंपणाला अगदी शेजारी शेजारी लावलेली जी दोन झुडपं मुलांना सारखीच वाटतात, त्यातलं एक निरुपद्रवी आहे आणि दुसऱ्याच्या बिया जीवघेण्या विषारी आहेत. ती दोन झुडपं म्हणजे टेकोमा आणि बिट्टी. दोन्ही रस्त्याच्या दुभाजकात, सरकारी कार्यालयांच्या आवारात, देवळाजवळ आणि शाळेत सगळीकडे असतात. पाणी कमी लागतं, फुलं जवळजवळ वर्षभर येतात. बिट्टीला तर शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला आणखी आवडीने लावली जाते. गुरं तोंड का लावत नाहीत, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. उत्तर बहुतेक वेळा मुलंच देतात.

फुलावरून सुरुवात करू नका

मुलांचं लक्ष आधी फुलाकडे जातं आणि आपलंही. पण पिवळा रंग आणि घंटेसारखा आकार या दोन गोष्टी इतक्या झुडपांमध्ये सापडतात की त्यावरून ओळख पटत नाही, उलट घोटाळा वाढतो. मोबाईलच्या ॲपवर फोटो टाकून नाव शोधणारे पालक बरेच आहेत. ॲप वाईट नाही, पण आपण त्याला फक्त फुलाचा जवळून काढलेला फोटो देतो आणि मग ते काहीही सांगतं. पान, फांदी आणि फळ दिसेल असा फोटो दिला तर उत्तर बरंच सुधारतं. म्हणून मी वर्गात एक नियम ठेवला आहे : आधी पान, मग फळ आणि सगळ्यात शेवटी फूल.

पान बघताना एक अडचण येते, ती आधीच सोडवून घ्यावी. मुलांना 'पान' आणि 'पर्णिका' यातला फरक कळत नाही. कडुनिंबाच्या एका काडीवर दहा-बारा छोटी पानं दिसतात, ती मुलं दहा-बारा पानं म्हणून मोजतात. प्रत्यक्षात ती सगळी मिळून एकच संयुक्त पान असतं. मग खरं पान कुठून सुरू होतं ते कसं ओळखायचं? पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो, त्या बेचक्यात बारीक कळी असते. आमच्याकडे शेतकरी तिला डोळा म्हणतात. डोळा असेल तिथून पान सुरू. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. कढीपत्ता, कडुनिंब, जास्वंद अशा तीन फांद्या वर्गात आणून मुलांना डोळा शोधायला लावा. दहा मिनिटांत कल्पना पक्की होते आणि भिंग असेल तर मुलं हटत नाहीत.

एक, विषम, सम

आता बाहेर चला. शाळेच्या आवारातली तीन नेहमीची पिवळी झुडपं म्हणजे बिट्टी, टेकोमा आणि तरवड. या तिघांना वेगळं करायला मी गणितातली एक युक्ती वापरते. एका पानात किती पर्णिका आहेत ते मोजायचं.

बिट्टीचं पान साधं असतं. म्हणजे उत्तर 'एक'. लांबट, अरुंद, चकचकीत हिरवं, साधारण वितीपेक्षा थोडं लहान आणि जेमतेम बोटभर रुंद. मधली शीर ठळक दिसते, बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. ही पानं फांदीभोवती एकाआड एक, जिन्यासारखी गोल फिरत वर गेलेली असतात.

टेकोमाचं पान संयुक्त. पर्णिका बहुतेक पाच किंवा सात, कधी तीन, कधी नऊ. दोन्ही बाजूंना जोड्या आणि टोकाला एक एकटी पर्णिका, म्हणून उत्तर नेहमी 'विषम'. प्रत्येक पर्णिकेची कड करवतीसारखी दातेरी असते. हे दाते मुलांना फार आवडतात. शिवाय पूर्ण पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात.

तरवडाचं पानही संयुक्त, पण पर्णिका जोड्याजोड्यांनीच येतात आणि टोकाला एकटी कुणी नसते. म्हणून उत्तर 'सम'. आठ ते बारा जोड्या, म्हणजे सोळा ते चोवीस छोट्या, गोलसर टोकाच्या पर्णिका. कड अगदी गुळगुळीत.

तिसरीच्या मुलांनाही हे जमतं आणि सम-विषम संख्यांचा सराव आपोआप होतो. एका मुलीने मला विचारलं, "बाई, टेकोमाची एक पर्णिका गळून पडली तर ती सम होईल ना?" अगदी बरोबर शंका आहे. म्हणून निदान तीन पानं मोजायची आणि टोकाकडे बघायचं : टोकाला एकटी पर्णिका आहे का, की जोडीवरच पान संपलंय?

बिट्टी आणि टेकोमा, जवळून

पान बघून झालं की फळाकडे वळायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही झुडपांवर फुलांबरोबर फळंही सापडतात, त्यामुळे या पाठाला हे दिवस चांगले.

टेकोमाची फळं म्हणजे बारीक लांब शेंगा. चवळीच्या शेंगेसारख्या झुपक्याने लटकतात, वाळल्या की तपकिरी होऊन उकलतात आणि आतून कागदासारखे पातळ पंख असलेल्या चपट्या बिया उडतात. मुलांना तळहातावर बी ठेवून फुंकर मारायला सांगा. बीजप्रसाराचा धडा इथेच होऊन जातो.

बिट्टीचं फळ यापेक्षा अगदी निराळं. हिरवं, गोलसर पण मध्ये उंचवटा आलेलं, चॉकलेटच्या मोठ्या गोळीएवढं किंवा थोडं मोठं. पिकलं की काळपट आणि मऊ पडतं. आतमध्ये टणक त्रिकोणी कोय असते. हीच ती 'बिट्टी' जी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी सागरगोट्यांसारखी खेळायला वापरली. खेळ जुना आहे, गोड आठवणीही असतील, पण ती कोय फोडली की आत ज्या बिया असतात त्या या झुडपाचा सगळ्यात विषारी भाग आहेत. आजच्या मुलांना खेळायला काचेच्या गोट्या, चिंचोके, सागरगोटे असं बरंच काही आहे. बिट्टीची कोय नको.

फुलातला फरक आता सांगायला हरकत नाही. टेकोमाचं फूल गडद पिवळं, तोंड चांगलं उघडलेलं, पाकळ्यांच्या कडा किंचित चुरगळलेल्या, आत बघितलं तर गळ्यात तांबूस बारीक रेघा आणि पुंकेसर दिसतात. फुलं फांदीच्या टोकाला भरघोस गुच्छात येतात. बिट्टीचं फूल फिकट पिवळं, कधी केशरी झाक असलेलं, कधी पांढरट. त्याच्या पाच पाकळ्या अर्धवट मिटलेल्या छत्रीसारख्या एकमेकींवर पीळ घेऊन बसलेल्या असतात. पूर्ण उमलल्यावरही ते फूल फारसं उघडत नाही आणि आत डोकावलं तरी पुंकेसर दिसत नाहीत. गुच्छ मोठा नसतो, दोन-चार फुलंच टोकाकडे.

आणखी एक खूण म्हणजे चीक. बिट्टीचं पान किंवा कोवळी फांदी तोडली की पांढरा दुधासारखा चीक येतो, टेकोमाला येत नाही. पण ही खूण मुलांनी करून पाहायची नाही. चीक विषारी आहे, हाताला लागलेला डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते. दाखवायचंच असेल तर शिक्षकांनी स्वतः एक पान तोडून लांबून दाखवावं आणि लगेच साबणाने हात धुवावेत. खरं तर पान आणि फळ बघितल्यावर चिकाची गरजच उरत नाही.

बिट्टीचं शास्त्रीय नाव कॅस्काबेला थेवेटिया. जुन्या पुस्तकांत थेवेटिया पेरुव्हियाना असं सापडेल. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. टेकोमा (टेकोमा स्टान्स) हीसुद्धा अमेरिकेतूनच आलेली, बहामाज बेटांचं ते राष्ट्रीय फूल आहे. दोघी परदेशी, दोघी इथे रुळलेल्या, पण कुळं पूर्ण वेगळी. बिट्टी कण्हेरीच्या कुळातली, म्हणूनच तिला पिवळी कण्हेर म्हणतात. लाल, गुलाबी, पांढरी कण्हेर आपल्याला माहीत आहे. तिची पानंही लांबट असतात, पण ती फांदीवर एकाच जागेवरून तीन-तीन निघतात. तीही तितकीच विषारी आहे हे सांगायला विसरू नका.

शहरातल्या वाचकांसाठी एक जोड. सोसायटीच्या कमानीवर किंवा बाल्कनीच्या कुंडीत मोठ्या पिवळ्या फुलांची जी वेलीसारखी वाढ दिसते ती बहुधा अलामंडा. तिची पानं एका पेरावर तीन-चार गोलाकार येतात, फूल बिट्टीपेक्षा मोठं आणि पसरट असतं. तिलाही पांढरा चीक असतो आणि पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. तीही कण्हेरीचीच नातेवाईक.

विष म्हणजे नेमकं काय, आणि मूल खाऊन बसलं तर

बिट्टीत जे घटक असतात ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. ठोके मंदावतात, अनियमित होतात. त्याआधी उलट्या, पोटदुखी, जुलाब, चक्कर, तोंडात बधिरपणा असं दिसू शकतं. पण लक्षणांची वाट बघायची नाही. मुलाने बिट्टीचं फळ किंवा बी चावली, गिळली अशी नुसती शंका आली तरी सरळ दवाखान्यात न्यायचं, शक्यतो जिथे ईसीजी काढता येतो अशा मोठ्या रुग्णालयात. १०८ ला फोन करा. तोंडात उरलेलं असेल ते बाहेर काढा आणि चूळ भरायला लावा. मीठ-पाणी पाजून उलटी करवणं, दूध-तूप पाजणं, लिंबू चोखवणं असले प्रयोग करू नका, त्यात वेळ जातो आणि अपायही होऊ शकतो. फळासकट एक डहाळी पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळेल. "आता बरं वाटतंय त्याला" म्हणून घरी परत आणू नका. हृदयावरचा परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही होऊ शकतो, म्हणून डॉक्टर ठेवून घेतात.

एक प्रश्न मुलं हमखास विचारतात. "बाई, बुलबुल तर ते फळ खातो, मग त्याला काही होत नाही?" निरीक्षण खरं आहे. बुलबुल आणि कोकीळ बिट्टीचा पिकलेला गर खाताना दिसतात. ते वरचा गर खातात, कोय फोडत नाहीत आणि त्यांचं शरीरही आपल्यासारखं नाही. 'पाखराने खाल्लं म्हणजे आपल्यालाही चालतं' ही समजूत गावाकडे मोठ्या माणसांतही आहे. ती या निमित्ताने खोडून काढावी.

शालेय पोषण आहाराच्या संदर्भातही एक सूचना. भात ढवळायला, कणीस भाजायला कुंपणाची काडी तोडून वापरायची सवय काही ठिकाणी असते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही या पाठाला बोलवा. त्यांना झाडांची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते आणि मुलं त्यांचं ऐकतातही.

तरवड आणि त्याचे भाऊबंद

माळरानावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला सोलापूर, मराठवाडा, नगरकडे तरवड भरपूर. काही भागांत नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात, त्यामुळे मुलांना तो नावाने माहीत असतो. शेजारच्या तेलंगणाचं तर ते राज्यफूल आहे. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात आणि बतुकम्माच्या सणात तो लागतोच. त्याच्या सालीने पूर्वीपासून कातडी कमावतात. चर्मकार समाजातले आजोबा कुणाच्या घरी असतील तर त्यांना विचारायला मुलांना सांगा, पुस्तकात नसलेली माहिती मिळेल.

तरवडाची माझी आवडती खूण म्हणजे त्याचे 'कान'. पानाचा देठ फांदीला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोल, हिरवी उपपर्णं असतात. शास्त्रीय नावातला 'ऑरिक्युलाटा' हा शब्द कानावरूनच आलाय. मुलांना एकदा हे कान दाखवले की ती तरवड विसरत नाहीत. फूल घंटेसारखं नाही, पाच सुट्या पाकळ्यांचं आणि मधून वाकडे पुंकेसर बाहेर आलेलं असतं. शेंगा चपट्या, कागदासारख्या, फिकट तपकिरी.

इथे थांबून एका भाऊबंदाबद्दल सांगितलंच पाहिजे, तो म्हणजे कासविंदा. काही ठिकाणी त्याला रानटाकळा म्हणतात. हाही पिवळ्या फुलांचा, हाही सम पर्णिकांचा, पण जोड्या चार-सहाच आणि पर्णिका टोकदार. चुरगळली की उग्र वास येतो. कान नसतात. पावसानंतर फुलतो आणि हिवाळ्यात, उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या वाळक्या शेंगा उभ्या झुडपावर खुळखुळत असतात. लहान मुलं त्या सोलतात, बिया हरभऱ्यासारख्या तोंडात टाकतात.

पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षं हिवाळ्याच्या सुमारास छोटी मुलं अचानक आजारी पडायची, बेशुद्ध व्हायची आणि काही दिवसांत दगावायची. आधी हा मेंदूज्वर समजला गेला. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी चौकशी करून याचा संबंध कासविंद्याच्या बियांशी जोडला. त्यांचं हे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात मुलांचे जे मृत्यू झाले, तेव्हाही तपासात जपानी मेंदूज्वराबरोबर याच वनस्पतीचं नाव पुढे आलं. दगावलेली बरीचशी मुलं अंगणवाडीच्या वयाची होती, म्हणून पालकांनी हा परिच्छेद जरा पुन्हा वाचावा. शाळेमागच्या उकिरड्यावर, बांधावर हे झुडूप सर्रास असतं.

पावसाळ्यात आपण टाकळ्याची भाजी खातो तो टाकळा वेगळा. त्याच्या पानात पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि टोक गोलसर, बोथट. सहा आणि बोथट तो टाकळा, आठ-बारा आणि टोकदार तो कासविंदा. भाजी निवडताना आज्जी-आई हे नजरेनेच करतात, पण बाजारातून जुडी आणणाऱ्या नव्या पिढीला मोजून बघितलेलं बरं.

काट्यांची पिवळी झुडपं

ही चटकन ओळखू येतात. देवबाभळीला या दिवसांत पिवळे, गोल, मऊ गोंड्यासारखे फुलोरे येतात आणि त्यांचा वास इतका सुंदर असतो की फ्रान्समध्ये त्यापासून अत्तर काढतात. वेडी बाभूळ म्हणून जी सगळीकडे माजली आहे तिचा फुलोरा गोल नसून बोटासारखा लांब, फिकट पिवळसर असतो. गोळा की बोट, एवढा एकच प्रश्न पुरतो. फक्त नावांच्या बाबतीत सावध राहा. एका गावची वेडी बाभूळ दुसऱ्या गावात वेगळंच झाड निघते. गावातलं नाव वहीत लिहूनच घ्यायचं, चूक म्हणून खोडायचं नाही, पण शेजारी पानाचं आणि शेंगेचं चित्र असलंच पाहिजे.

काटेकोरांटी बहुतेकांना माहीत असते : समोरासमोर पानं, बेचक्यात अणकुचीदार काटे, नळीसारखी पिवळी-केशरी फुलं. आणि सह्याद्रीच्या बाजूच्या शाळांना सोनसावरीचं भाग्य आहे. अंगावर एक पान नाही आणि फांद्यांच्या टोकाला हाताएवढी सोनेरी फुलं. ते झुडूप नसून लहान झाड आहे, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या डोंगरउतारावर दुरून ते एकटंच पिवळं दिसतं, त्यामुळे ओळखायला मोजामोज करावी लागत नाही.

वर्गात काय करून घ्यायचं

दुसऱ्या तासिकेत मी पानांचे ठसे घेते. टेकोमा आणि तरवडाचं पान वहीच्या कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा फिरवायचा. टेकोमाचे दाते फार छान उठतात. बिट्टीचं पान मुलांच्या हातात देत नाही. गळून वाळलेलं एक पान पारदर्शक चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर पूर्ण बंद करून ठेवलं आहे, ते वर्गात फिरतं. मुलं त्याचं चित्र बघून काढतात आणि त्याच्याभोवती लाल चौकट आखतात. कासविंद्याच्या शेंगेचंही तसंच.

मग शाळेचा नकाशा काढायचा. फाटक, वर्ग, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि प्रत्येक पिवळ्या झुडपाची जागा. टेकोमासाठी पिवळा ठिपका, तरवडासाठी हिरव्या कडेचा पिवळा ठिपका, बिट्टी-कण्हेरीसाठी लाल. नकाशावाचन हा आपल्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्यामुळे वेगळा वेळ काढावा लागत नाही. मूल्यमापनासाठी लेखी प्रश्न देऊ नका. तीन डहाळ्यांचे फोटो दाखवा, ज्यात फूल मुद्दाम कापलेलं आहे, आणि विचारा : कोणतं झुडूप आणि कशावरून? 'कशावरून' याला जास्त गुण. फूल नसताना जे मूल ओळखतं, त्याला पाठ खरा समजला.

पालकांनी रविवारी हाच खेळ रस्त्यावर खेळावा. दुभाजकात लावलेली झुडपं गाडीतून किंवा बसमधून जाताना दिसतात. पर्णिका मोजता येणार नाहीत, पण लटकणाऱ्या शेंगा आहेत की गोल फळं, एवढं सिग्नलला थांबल्यावर दिसतं.

नकाशा पूर्ण झाल्यावर मुलंच विचारतात, "मग बिट्टी तोडून टाकायची का?" माझं मत असं की सरसकट तोडू नये. महादेवाला वाहायला तिची फुलं लागतात, कुंपण म्हणून ती उपयोगी आहे आणि आज शाळेतली तोडली तरी रस्त्यावरची राहणारच. मूल ओळखायला शिकलं तर दोन्हीकडे सुरक्षित राहील. मात्र अंगणवाडीच्या खोलीलगत किंवा पाण्याच्या नळाजवळ बिट्टी असेल तर तिथून ती काढावी, कारण तीन-चार वर्षांच्या मुलाला पर्णिका मोजायला शिकवता येत नाही. त्या जागी टेकोमा लावता येते, पिवळी फुलंही मिळतात. हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुलांनी काढलेला नकाशा समोर ठेवून मांडा. झुडूप काढणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, चिरलेल्या फांद्या शेळ्यांच्या वाटेवर टाकू नयेत. आणि जी बिट्टी राहील तिच्याखाली पडलेली फळं आठवड्यातून दोनदा झाडून घेण्याचं काम ठरवून द्यावं, मोठ्या माणसाला, मुलांच्या सफाई गटाला नाही.